घरापुढचं झाड पाडायचं का ठेवायचं, बुडापासनं बघून ठरवा

आमच्या घरापुढं दोन झाडं होती, एक गुलमोहर आणि एक कडुनिंब. जुळे सोलापूरला प्लॉट घेतला तेव्हा वडलांनी दोन्ही एकाच पावसाळ्यात लावलेली. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत, कडुनिंबाचे शेंडे भाजल्यासारखे तपकिरी पडले आणि गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं की हे गेलं, पाडून टाका, उद्या कुणाच्या तरी अंगावर येईल. गुलमोहराबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही, कारण तो हिरवागार होता आणि दर मे महिन्यात लालभडक फुलायचा. त्याच वर्षी मे मध्ये वळवाचा वारा सुटला आणि फुललेला गुलमोहर मुळासकट शेजाऱ्यांच्या स्कूटरवर आडवा झाला. दहा मिनिटं आधी त्याच झाडाखाली गल्लीतली पोरं क्रिकेट खेळत होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी उताणं पडलेलं बूड बघितलं तर घराकडच्या बाजूला मुळंच नव्हती. जी होती ती काळी, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी, हातानं तुटत होती. त्याच्या तीन वर्षं आधी आम्हीच तिथं पाण्याचा हौद खणला होता. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं घरोघर हौद आहेच, आणि तो खणताना मधे आलेली मनगटाएवढी मुळं कामगारांनी कुऱ्हाडीनं तोडली तेव्हा मी शेजारी उभा होतो. वर झाड फुलत राहिलं आणि खाली ते कुजत होतं. कडुनिंब अजून उभा आहे.

तेव्हापासनं मी हा विषय जमेल तसा शिकत गेलो, कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांच्या मागं लागून, झाडं उतरवणाऱ्या लोकांबरोबर उभं राहून. जे कळलं ते इथं लिहितो, कारण आपल्या शहरात उन्हाळा ४३-४४ डिग्रीला जातो आणि एक मोठं झाड विनाकारण गेलं तर त्या घराचे पुढचे वीस उन्हाळे बदलतात, आणि दुसरीकडं एक पोकळ झाड भावनेपायी ठेवलं तर जीव जाऊ शकतो. दोन्ही चुका आपल्या गल्ल्यांमधे दरवर्षी होताना बघतो. बहुतेक वेळा कारण एकच, आपण झाडाकडं वर मान करून बघतो, वाकून बघत नाही.

तर सुरुवात बुडापासनं करा. सकाळच्या उन्हात झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मारा, कंपाऊंडच्या पलीकडच्या बाजूनं पण, कारण तीच बाजू कुणी बघत नाही. खोड जिथं जमिनीत शिरतं तिथं ते जरा रुंद होत गेलेलं दिसायला पाहिजे, हत्तीच्या पायासारखं, मुळांचे फाटे चारी बाजूंनी फुटलेले. खोड खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं दिसत असेल तर दोन शक्यता, एकतर बुडावर नंतर माती-मुरूम-पेव्हर ब्लॉकची भर पडलीय किंवा एका बाजूची मुळं गेलीत. भर पडली असेल तर ती हातानं, खुरप्यानं हळूहळू काढा आणि खालची साल बघा. ओली, काळी, वास मारणारी, बोट दाबलं की आत जाणारी साल म्हणजे कुजणं सुरू झालंय.

मग बुडाभोवतीची जमीन बघा. इथं आपल्या सोलापूरची एक अडचण आहे, काळी माती. उन्हाळ्यात ती सगळीकडंच भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळं भेग दिसली की घाबरायचं असं नाही. फरक असा की काळ्या मातीच्या भेगा जाळीसारख्या सगळ्या अंगणात असतात, आणि झाड उपटायला लागलं की भेग खोडाभोवती कमानीसारखी पडते, साधारण एकाच बाजूला, झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूला, आणि तिथली जमीन किंवा फरशी जरा वर उचललेली दिसते. वारा असताना लांब उभं राहून बघितलं तर ती जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होताना दिसते. हे दिसलं तर पुढचं काहीही वाचायची गरज नाही, माणसं, गाड्या, जनावरं तिथनं हलवा आणि त्याच दिवशी फोन करा, कुणाला ते खाली सांगतो.

आणखी एक स्थानिक गोष्ट. आपल्याकडं बऱ्याच वस्त्यांमधे दोन-तीन फूट माती आणि त्याखाली कडक मुरूम किंवा काळा पाषाण. तसंही झाडाची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटातच असतात, सोटमूळ पाताळात गेलेलं असतं ही समजूत मोठ्या झाडांच्या बाबतीत फारशी खरी नाही, पण खाली मुरूम असला की मुळं अगदी ताटासारखी पसरतात. हे ताट एका बाजूनं तोडलं की झाड त्या बाजूनं लंगडं होतं. म्हणून कुणी झाड दाखवलं की माझा पहिला प्रश्न असतो, गेल्या पाच वर्षांत याच्या आसपास काय खणलंय? हौद, ड्रेनेज, बोअर, केबलची चर, कंपाऊंडचा पाया, रस्ता उंच करताना लावलेलं जेसीबी, सगळं आठवून सांगा. मुळं तोडल्यावर झाड लगेच पडत नाही, तीन-चार-पाच वर्षांनी पडतं, तोपर्यंत आपण विसरलेलो असतो.

किती जवळ खणलं म्हणजे धोका याचा एक सोपा हिशोब आहे. छातीच्या उंचीवर, जमिनीपासनं साडेचार फुटांवर, खोडाचा घेर टेपनं मोजा. घेर भागिले ३.१४ म्हणजे जाडी. जाडी जितके इंच तितके फूट, एवढ्या अंतरातली मुळं झाडाला अगदी गरजेची. म्हणजे घेर ६ फूट असेल, ७२ इंच, तर जाडी झाली साधारण २३ इंच, आणि खोडापासनं २३ फुटांच्या आत मोठी खोदाई झाली तर झाडाला त्रास होणारच. प्लॉटच ३० फुटी असतो तिथं हे पाळणं अवघडय मला माहितीय, पण निदान खोडाच्या तीन-चार फुटांत चर मारली असेल तर त्या झाडाला संशयितांच्या यादीत टाका.

आता कुत्र्याच्या छत्र्या. पावसाळ्यात अंगणात इकडंतिकडं उगवणाऱ्या नाजूक पांढऱ्या छत्र्यांचं काही नाही, त्या मातीतल्या कचऱ्यावर जगतात. पण खोडाच्या बुडाला किंवा उघड्या मुळावर कानासारख्या किंवा फळीसारख्या, टणक, वरनं तपकिरी चकाकणाऱ्या आणि कडेला पांढऱ्या अशा छत्र्या चिकटलेल्या दिसल्या तर ती गॅनोडर्मासारखी बुरशी असते, आणि ती लाकूड आतनं खाते. छत्री बाहेर दिसायला लागली म्हणजे आत बरंच काम झालेलं असतं. ती तोडून फेकली, चुना लावला, म्हणून काही होत नाही, उलट खूण गेली एवढंच. फोटो काढून ठेवा, कुठल्या बाजूला आहे ते लिहून ठेवा.

खोडाकडं आलो की टकटक करायची. कलिंगड घेताना आपण कसं वाजवून बघतो तसंच, लाकडी किंवा रबरी हातोडी घ्या आणि बुडापासनं डोक्याएवढ्या उंचीपर्यंत गोल फिरत ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज बद्द आणि छोटा येतो, पोकळ लाकूड ढोलासारखं घुमतं. दोन-तीन चांगली झाडं आधी वाजवून कान तयार करा मग आपलं बघा. सगळं खोड वाजवायला दहा मिनिटं लागतात आणि कुठं बदल होतो ते खडूनं खूण करत गेलं तर पोकळीचा नकाशाच तयार होतो.

ढोली आहे म्हणजे झाड गेलं असं अजिबात नाही, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतो, कारण ढोली बघून चांगल्या चिंचा आणि वड पाडलेले मी बघितलेत. खोडाची ताकद बाहेरच्या थरात असते, नळीसारखी. लोखंडी पाईप पोकळ असून वजन पेलतो की नाही तसं. प्रश्न भिंत किती जाड उरली याचा. जगभर वापरला जाणारा ढोबळ नियम असा की खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश तरी चांगलं लाकूड चहूबाजूनं पाहिजे. वरचंच उदाहरण घ्या, जाडी २३ इंच, त्रिज्या साडेअकरा, तर साधारण ४ इंच जाड चांगली भिंत पाहिजे, साल सोडून. ढोलीत सळई घालून आतली रुंदी मोजा (आधी साप, मधमाश्या, घुबड नाही ना ते बॅटरीनं बघा). आत १२ इंच पोकळ असेल तर दोन्हीकडं साडेपाच इंच उरतं, साल वजा केली तरी झाड ठेवता येईल. १७ इंच पोकळ असेल तर तीनच उरतं, मग विचार करावा लागतो. आणि ढोलीला मोठं तोंड असेल, म्हणजे नळी एका बाजूनं फाटलेली असेल, तर हा नियम पुरत नाही, आणखी जाड भिंत लागते. ढोलीत सिमेंट भरू नका. जुने लोक भरायचे, पण वाऱ्यात झाड हलतं आणि सिमेंट हलत नाही, त्यामुळं कडेचं लाकूड आणखी घासतं, पाणी साठतं आणि कुजणं वाढतं.

बुडाशी कचरा जाळायची सवय आपल्या प्रत्येक गल्लीत आहे. रोज थोडा पालापाचोळा पेटवला जातो, साल जळते, तिथनं कीड आणि बुरशी शिरते आणि दहा वर्षांत एका बाजूनं खोड कोळशासारखं खाल्लेलं दिसतं. रस्त्याकडंची बाजू बघा, तिथंच असतं हे.

वाळवीबद्दल पण लोक फार घाबरतात. सालीवर मातीचे थर चढलेले दिसले की झाड वाळवीनं खाल्लं म्हणतात. जिवंत कडुनिंबावरची वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते, माती खरवडून काढा आणि खाली साल जिवंत आहे का बघा. आंब्याच्या खोडाला भोकं आणि भोकातनं भुसा पडत असेल तर ते भिरूड, ती गंभीर गोष्ट आहे, पण लवकर लक्षात आलं तर भोकात तार घालून अळी मारून, औषध टाकून, चिखलानं बंद करून झाड वाचतं. नारळाचं वेगळं, तिथं खोडातनं तपकिरी चिकट पाणी येत असेल, कान लावल्यावर आत कुरतडल्याचा आवाज येत असेल आणि मधला कोंब ओढल्यावर हातात येत असेल तर सोंड्या भुंग्यानं काम संपवलंय, ते झाड परत येत नाही.

कडुनिंबातनं पांढरं पाणी गळायला लागलं तर लोक हळदकुंकू वाहतात. वाहू दे, श्रद्धेचा भाग आहे. ते झाडाचाच रस असतो आणि तेवढ्यावरनं झाड धोक्याचं ठरत नाही, काही दिवसांनी आपोआप थांबतं.

आता वाळणं. झाड मेलंय का जिवंत आहे हे ठरवताना घाई करू नका. गुलमोहर फेब्रुवारी-मार्चमधे पूर्ण बोडका होतो, शेंगा लोंबत असतात, नवीन माणसाला वाटतं वाळला, आणि एप्रिल-मे मधे तो पेटतो. कडुनिंबाचे शेंडे पावसाळ्यानंतर वाळायला लागतात आणि हिवाळ्यात सगळं झाड करपल्यासारखं दिसतं, हे फोमॉप्सिस नावाच्या बुरशीमुळं आणि टी मॉस्किटो नावाच्या रस शोषणाऱ्या किड्यामुळं होतं. २०२१ च्या शेवटी तेलंगणात कडुनिंब असे मोठ्या प्रमाणावर वाळलेले दिसले तेव्हा बरीच भीती पसरली होती. पण कडुनिंब चिवट असतो, पाडव्याच्या आसपास पालवी फुटते. आमचाही तसाच फुटला. परीक्षा सोपी आहे, करंगळीएवढी फांदी घ्या, नखानं साल खरवडा, आत हिरवी ओली असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर मेली. चार बाजूंच्या, चार उंचीच्या फांद्या बघा. शेंड्याकडं मेली पण मागं हिरवी असेल तर थांबा, पालवीची वाट बघा. अर्ध्यापेक्षा जास्त डोलारा सलग दोन वर्षं पालवला नसेल तर ते झाड उतरणीला लागलंय. आणि पूर्ण मेलेलं झाड असेल तर मात्र अजिबात रेंगाळू नका, कारण मेलेलं लाकूड दर महिन्याला ठिसूळ होतं आणि नंतर त्यावर चढायला कुणी तयार होत नाही, झाला तर ते चढणाऱ्याच्या जिवावर बेततं.

झुकलेलं झाड हा सगळ्यात जास्त वादाचा विषय. लहानपणापासनं वाकडं वाढलेलं झाड आणि परवा झुकलेलं झाड यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनं झुकलेलं झाड वर जाऊन पुन्हा सूर्याकडं वळलेलं असतं, खोडाला धनुष्यासारखा बाक असतो, आणि त्याच्या बुडाशी त्यानं वर्षानुवर्षं जादा लाकूड घालून आधार केलेला असतो. असं झाड शंभर वर्षं उभं राहू शकतं. नवीन झुकलेलं झाड मात्र बुडापासनं शेंड्यापर्यंत एकाच रेषेत तिरकं असतं, खांब कलल्यासारखं. ओळखायला गवंड्याचा ओळंबा लागतो, किंवा ठरावीक जागेवर, गेटजवळ पायाची खूण करून, मोबाईलनं दर महिन्याला एक फोटो काढत जा, मागं बिल्डिंगची कड येईल असा. दोन फोटोंमधे फरक दिसला म्हणजे झाड हललंय. महापालिकेत अर्ज करताना हेच फोटो तारखेसकट कामाला येतात.

फांद्यांचं बेचकं बघा. दोन जाड फांद्या यू आकारात फुटल्या असतील तर जोड पक्का. अरुंद व्ही असेल आणि मधे साल आत दाबलेली दिसत असेल तर तो जोड लाकडाचा नाहीच, दोन फांद्या नुसत्या एकमेकींना टेकून उभ्या आहेत. त्यात उभी चीर पडली असेल, चिरेतनं पाणी पाझरत असेल, तर पहिल्या जोराच्या वाऱ्यात एक फांदी खाली येणार. आमच्याकडं रेनट्री, पेल्टोफोरम (पिवळा गुलमोहर), गुलमोहर, सुबाभूळ यांच्यात हे फार. शेवगा तर नुसत्या शेंगांच्या ओझ्यानं मोडतो, पण त्याची उंची बेताची ठेवली तर तो घरगुती प्रश्न आहे. चिंच, करंज, कडुनिंब यांचं लाकूड चिवट, ते सहसा अचानक मोडत नाहीत.

मोडण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, मोठी आडवी फांदी वारा नसताना, कडक उन्हाच्या शांत दुपारी पण धाडकन खाली येते. म्हणून जुन्या रेनट्रीच्या लांब आडव्या फांदीखाली बाजा टाकून झोपू नका, रिक्षा लावू नका, निदान उन्हाळ्यात तरी.

आणि शेंडा छाटणं. तारेला लागतं म्हणून वरनं सपाट कापलेलं झाड दोन वर्षांत झाडूसारखं फुटतं आणि लोकांना वाटतं झाड भरलं. हे नवीन धुमारे फक्त सालीजवळच्या थराला चिकटलेले असतात, आत मूळ फांदी कापलेल्या जागेपासनं कुजत असते, आणि पाच-सात वर्षांत ते धुमारे मनगट-दंडाएवढे झाले की एकेक करून निखळतात. एकाच बाजूनं छाटलेलं झाड तर सगळं वजन दुसऱ्या बाजूला, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या घराकडं, घेऊन उभं असतं.

एवढं बघून झाल्यावर दुसरा अर्धा प्रश्न, पडलं तर कशावर पडेल? झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात काय काय आहे ते बघा. शेताच्या बांधावरचं पोकळ झाड कुणाच्या अंगावर पडणार नाही, तिथं ते घुबडं-पोपटांसाठी खुशाल राहू दे. तेच झाड शाळेच्या गेटवर असेल तर उद्या उतरवलं पाहिजे. कधीकधी झाड हलवण्यापेक्षा खालचं हलवणं सोपं असतं, पार्किंगची जागा बदला, बाक दुसरीकडं न्या, वळवाच्या दिवसांत त्या खोलीत झोपू नका. झाड तोडायच्या आधी हा विचार दहा मिनिटं तरी करा.

मग ठरवायचं कसं? माझा स्वतःचा क्रम असा आहे. बुडाची जमीन उचलली, झाड नव्यानं कललं, खोडाला आरपार चीर, किंवा मोडलेली मोठी फांदी वर अडकून लोंबतेय, आणि खाली माणसं असतात, तर तो तातडीचा मामला, अग्निशमनला १०१ आणि तारेचा संबंध असेल तर महावितरणला १९१२. भिंत तृतीयांशापेक्षा पातळ, बुडाला टणक छत्र्या, एका बाजूची मुळं तोडलेली, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि खाली घर किंवा रस्ता असेल तर काढायचा अर्ज करा. एकच गोष्ट असेल तर जाणकार माणसाला दाखवा, वाळलेल्या फांद्या काढा, डोलारा हलका करा, पण एका वेळी पाव हिश्श्यापेक्षा जास्त हिरवं काढू नका. नुसतं पान पडतं, पक्षी घाण करतात, सोलरवर सावली येते, वास्तूत बसत नाही, ही काढायची कारणं नाहीत, मला तरी पटत नाहीत.

जाणकार म्हणजे वखारवाला नाही. ज्याला लाकूड विकत घ्यायचंय त्याला प्रत्येक झाड धोक्याचंच दिसतं. कॉलेजचे वनस्पतीशास्त्राचे सर, कृषी विभागातले लोक, किंवा महापालिकेच्या उद्यान विभागातले जुने माळी, यांना बोलवा, चहा पाजा, झाड दाखवा.

परवानगी. आपलं झाड आपल्या अंगणात आहे म्हणून आपल्याला वाटेल तेव्हा पाडता येत नाही. शहरात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि त्या कायद्यात तोडणं म्हणजे फक्त कुऱ्हाड नाही, जाळणं किंवा झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यात येतं, त्यामुळं बुडात ॲसिड ओतून, साल सोलून झाड मारणारे पण गुन्हाच करतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड हेरिटेज धरलं जातं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची तरतूद आली. जीवाला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगीचं मान्य कारण आहे, म्हणून अर्जात तेच नीट मांडा. घेर, उंची, जात, घरापासनं अंतर, ढोलीची मापं, तारखेचे फोटो. नुसतं झाड धोकादायक आहे तरी तोडून मिळावे असं लिहिलं की अर्ज पडून राहतो. पोचपावती घ्या. शेजाऱ्याचं झाड असेल तर आधी घरी जाऊन बोला, दाखवा, मग लेखी द्या. आधी भांडण आणि मग झाड असं केलं की झाड तसंच राहतं.

पाडायच्या दिवशी घरच्या घरी शिडी लावून, भावाला खाली उभा करून फांदी कापायला जाऊ नका. माणसं ह्यातच जायबंदी होतात. जे उतरवणारे आहेत त्यांच्याकडं कंबरेचा पट्टा, हेल्मेट, जाड दोर आहेत का बघा, आणि फांद्या दोराला बांधून वरनं खाली तुकड्या-तुकड्यानं उतरवायला सांगा. जाड फांदी कापताना आधी खालनं थोडी खाच, मग वरनं काप, म्हणजे साल सोलून खोड फाटत नाही. तार जवळ असेल तर महावितरणकडनं लाईन बंद करून घेतल्याशिवाय कुणालाही चढू देऊ नका, ओली फांदी तारेला टेकली तरी करंट उतरतो. कंपाऊंड फुटलं तर खर्च कुणाचा आणि लाकूड कुणाचं हे आधी कागदावर लिहा. घरटी बघा, मे-जूनमधे कावळ्यांची पिल्लं असतात, तातडीचं नसेल तर महिनाभर थांबता येतं. वड, पिंपळ, उंबर असेल तर आमच्याकडं आदल्या दिवशी नारळ फोडून माफी मागतात. मी पण मागितली असती, आमच्या गुलमोहराची ती संधी मला मिळाली नाही.

एक गोष्ट घर बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. काळ्या मातीत मोठं झाड भिंतीजवळ असेल तर ते वर्षानुवर्षं जमिनीतलं पाणी ओढत असतं. ते एकदम काढलं की पुढच्या पावसाळ्यांत ती माती पाणी पिऊन फुगते आणि पाया, फरशी उचलते, भेगा पडतात. म्हणून पायाला अगदी लागून असलेलं जुनं झाड काढताना आधी बांधकामाच्या इंजिनियरला दाखवा आणि बुंधा खणून काढायच्या भानगडीत पडू नका, जमिनीबरोबर कापून मुळं तिथंच कुजू द्या. कडुनिंबाच्या बुंध्याला धुमारे येत राहतील, त्यातला एक चांगला, खालून जमिनीजवळनं फुटलेला, जागा सोयीची असेल तर वाढवता पण येतो.

तपासणी वर्षातनं दोनदा करा. एकदा पाडव्याच्या आसपास, म्हणजे वळवाच्या आधी हातात महिनाभर राहतो, आणि एकदा परतीचा पाऊस संपल्यावर, दिवाळीत, कारण आपल्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊसच जास्त भिजवतो आणि भिजून ढिल्या झालेल्या काळ्या मातीतच मुळं सुटतात. ऑक्टोबर २०२० च्या पावसाची ज्यांना आठवण आहे त्यांना हे सांगायला नको.

गुलमोहराच्या जागी आम्ही करंज लावलाय, पण जुन्या जागेपासनं दहा फूट लांब, हौदाच्या पलीकडं, घराच्या पश्चिमेला, म्हणजे दुपारनंतरचं ऊन अडेल. पिशवीतलं रोप आणलं तेव्हा पिशवी फाडून आत गोल गोल फिरलेली मुळं कात्रीनं उभी कापली आणि मोकळी करून लावली, नाहीतर ती तशीच गोल वाढतात आणि वीस वर्षांनी खोडालाच फास बसतो. आळं खोडाला लागून न करता दोन फूट लांब केलंय, बुडाशी पेव्हर ब्लॉक लावू दिले नाहीत, आणि भिंतीवर आतल्या बाजूला पेन्सिलनं लिहून ठेवलंय की या बाजूला मुळं आहेत, इथं खणू नये.